पंच क्रमांक दोन

या, असे पुढं सरकून बसा. मागं पंख्याखाली बसलात तर पंखाच ऐकू येईल, मी नाही. टाळ आज खाली ठेवा, मृदंगावर कापड टाका. आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, ती देवाची नाही, कोर्टाची आहे. अर्ध्यावर कुणी उठू नका. आणि यातला तो माणूस कोण, असं नंतर विचारायला नको, म्हणून आधीच सांगतो. तो माणूस मीच. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या अलीकडच्या गावचा दाजी. गळ्यात तुळशीची माळ, पंधरा दिवसांनी एकादशी, आणि कीर्तन म्हटलं की जेवणाचं ताट सोडून धावणारा.

माळेला मान असतो. तो मान देवळात असतो तसा पोलीस ठाण्यातही असतो, हे मला चाळिशीनंतर कळलं. पोलिसांनी कुठं झडती घेतली, कुणाकडून काही जप्त केलं, तर ते खरोखर तिथेच सापडलं हे डोळ्यांनी पाहणारी दोन त्रयस्थ माणसं लागतात. त्यांना पंच म्हणतात, आणि त्यांच्यासमोर जे लिहितात तो पंचनामा. आमच्या भागातल्या एका ठाण्यात, नाव घेत नाही, कुंदन नावाचा हवालदार होता. त्याला पंच लागला की तो माझ्याकडे यायचा. माळेवाल्याची सही खाली असली की वकिलाची जीभ आखडते, असं तो हसत म्हणायचा. मीही हसायचो. सात-आठ वेळा गेलो असेन. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आमचे आजोबा चावडीवर न्यायाला बसायचे, त्यांचंच काहीतरी आपल्याकडे आलं, असं वाटायचं.

अडीच-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माघातला आमचा सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा संपला तो दुसरा येईपर्यंत उभाच राहतो, मग पाय सुजोत की चक्कर येवो. सहाव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी दोन ते चार माझा पहारा होता. माझ्या आधी जीवनकाका. सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांचे दुखणेकरी, आणि बाराला उभे राहिलेले.

दीडच्या सुमारास कुंदन मोटारसायकल घेऊन मांडवापाशी आला.

"माऊली, दहा मिनिटांचं काम हाय. सही फकस्त."

मी म्हटलं, दोनला माझा पहारा आहे. तो म्हणाला, पावणेदोनला परत आणून सोडतो. मी त्याच्या मागं बसलो.

ठाण्याच्या व्हरांड्यात तांब्याच्या केबलचं भलं मोठं भेंडोळं पडलं होतं. शेजारी बाकावर एक माणूस. पंचेचाळिशीचा, बारीक दाढी, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. त्याचं नाव महमूद हे मला नंतर कळलं. तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं, "चाचा, किती वाजले?" मी घड्याळ पाहून सांगितलं, एक चाळीस. त्यानं डोळे मिटले. शुक्रवार होता. त्याची जुम्म्याची नमाज निघून गेली होती आणि माझा पहारा यायचा होता. त्याच्या नमाजेचं मला तेव्हा सुचलंही नाही, कारण माझं सगळं ध्यान दोनच्या ठोक्याकडे.

कुंदननं चार पानं पुढं केली. पहिल्या पंचाच्या सह्या आधीच होत्या, रस्त्यावरच्या कुणा पानवाल्याच्या. दुसऱ्या पंचाची जागा रिकामी. आता हे नीट ऐका, कारण पुढं मी कुंदनला नावं ठेवीन आणि तुम्हीही ठेवाल. त्यानं ती पानं माझ्या हातात दिली आणि विचारलं, "वाचायचं हाय का?"

मी म्हटलं, "तू लिवलंयस ना? मग झालं."

चार सह्या केल्या. दोनला दोन मिनिटं कमी असताना वीणा माझ्या गळ्यात होती. जीवनकाका भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. त्या संध्याकाळचं कीर्तन फार रंगलं, मी रडलो होतो. बुवांनी कोणतं आख्यान लावलं होतं, ते आज कितीही आठवलं तरी आठवत नाही.

वर्ष होत आलं असेल. एक दिवस दुपारी ओटीवर बुरखा घेतलेली एक बाई आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. माझ्या बायकोनं, मालूनं, तिला पाणी दिलं, चहा टाकला. ती म्हणाली, मी हव्वाबी, पनवेलला मोहल्ल्यात राहते, महमूदची घरवाली. महमूद टेम्पो चालवायचा, आधी सहा वर्षं आखातात होता. गोदाम फोडून केबल चोरल्याची केस त्याच्यावर आहे, तेव्हापासून तो आत आहे. हे ती रडून सांगत नव्हती. इतक्या जणांना सांगून झालं होतं, की तिचं सांगणं पाठ झालं होतं.

मग तिनं पिशवीतून कागदाची झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढं ठेवली. खाली माझी सही. त्या दिवशी जे वाचलं नव्हतं, ते मी त्या दुपारी चष्मा लावून वाचलं. "सदर आरोपीने आम्हां पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले की, चोरीचा माल उलवे येथे रस्त्यालगत झुडपात लपवून ठेवला असून तो काढून देतो. त्यानंतर आरोपी पुढे व आम्ही पंच मागे असे चालत गेलो." आणि शेवटी, आमच्यासमक्ष, खरे व बरोबर.

हव्वाबीनं विचारलं, "चाचा, तुम्ही उलव्याला गेला होतात?"

सप्ताहाच्या सात दिवसांत पहारेकरी शीव ओलांडत नाही, हा आमचा नेम. ठाण्यापर्यंत गेलो तेवढ्यानंच मनाला लागलं होतं. उलवं तर खाडीच्या दिशेला, कुठल्या कुठं. एक शब्द म्हणायचा होता, नाही. मालू दारात चहाचा कप घेऊन उभी होती. मी म्हटलं, "बाय, कोर्टात बोलवतील तवा सांगीन काय ते."

तिला त्यात होकार ऐकू आला. ती म्हणाली, अल्लाह तुम्हाला उमर देवो, आणि उठली. तिच्या मागं मालूनं एवढंच विचारलं, "काय वो, खरंच गेलता का?" मी चष्मा पुसून खिशात ठेवला. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

आता तुम्ही म्हणाल, केबलच्या चोरीसाठी इतके दिवस आत कसा? मलाही तेच वाटायचं. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला, वरच्या सत्र न्यायालयानं आठव्या महिन्यात दिला, पण स्थानिक जामीनदार आणा म्हणून सांगितलं. ज्याच्या नावावर सातबारा किंवा घर आहे असा. महमूदची खोली भाड्याची. सातबारा तर आमच्याकडच्या घरोघरी. विमानतळ आला तशी खडकाळ वरकस जमीनही सोन्याची झाली. पण चोरीच्या केसमध्ये परक्या माणसासाठी सातबारा घेऊन कोण उभा राहणार? मी मुलाजवळ, निकेशजवळ, विषय काढून पाहिला. त्याच्या दोन गाड्या द्रोणागिरीच्या गोदामांना माल वाहतात. तो म्हणाला, "बाबा, तुमीच पंच आणि तुमीच जामीन? कोर्ट हसंल." हसण्यासारखंच होतं. तो विषय मी तिथंच सोडला.

मग साक्षीचं समन्स आलं. तारीख नेमकी माघातली, सप्ताहाची. समन्स घेऊन कुंदनच आला होता. तो म्हणाला, तुमचा सप्ताह हाय ना, मी कळवतो. मला बरंच वाटलं. देवाच्या कामासाठी गैरहजर, यात पाप ते काय? पुढची तारीख तीन महिन्यांनी पडली. माझ्या लेखी ती एक तारीख होती. आतल्या माणसाच्या लेखी नव्वद दिवस.

त्या पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी कुंदन पुन्हा घरी आला. पहिला पंच सापडत नाही, पानाची टपरी उठवून तो गावी गेला, पत्ता नाही. आता सगळी केस तुमच्यावर. अशा गोष्टी त्यानं शांतपणे सांगितल्या. मग म्हणाला, "कोर्टात जाऊन उलव्याला गेलोच नवतो म्हणालात, तर खोट्या कागदावर सही कोणी केली? माझं काय, बदली होईल. तुमची माळ जाईल." जाता जाता निकेशच्या गाड्यांची चौकशी केली. कुठल्या रस्त्यानं जातात, कागद सगळे पुरे आहेत ना. निकेश रात्रभर कूस बदलत होता. सकाळी म्हणाला, "बाबा, सही वळखायची आणि यायचं. तुमाला काय त्याची वकिली करायची हाय?"

मी कोर्टापर्यंत गेलो. फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथं बसलो. आत जाईना. तेवढ्यात काळा कोट घातलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली. सरकारकडून गरिबांना जे वकील मिळतात, त्यांच्यातली महमूदची वकील, नीताताई. माझ्या माळेवरून तिनं ओळखलं असावं. ती म्हणाली, "काका, तुम्ही सरकारी साक्षीदार. काय बोला, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, सांगणारही नाही. तुम्ही कोण आहात एवढंच सांगते."

आणि तिनं सांगितलं. पूर्वी पंच म्हणजे निवाडा करणारा. गावातली जाणती माणसं बसायची, दोन्ही बाजू ऐकायची, निकाल द्यायची. इंग्रजांनी ते मोडलं. ठाणी बसवली, वर दंडाधिकारी, त्यावर सत्र न्यायाधीश, त्यावर हायकोर्ट, अशी उतरंड रचली. पण स्वतःच्याच पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून कायद्यात लिहिलं, की झडती घेताना त्या वस्तीतली दोन प्रतिष्ठित माणसं हजर पाहिजेत. निवाडा काढून घेतला, पंचाकडे नुसता डोळा ठेवला. देश स्वतंत्र झाला तरी ते तसंच राहिलं. गेल्या वर्षी जुलैत कायद्यांची नावं बदलली, आता जप्तीचं चित्रण करावं लागतं. "पण महमूदचा गुन्हा त्याच्या आधीचा," ती म्हणाली, "त्याला जुनाच कायदा. त्याच्या जप्तीचं चित्रण नाही. त्याच्या केसमध्ये कॅमेरा म्हणजे तुम्ही."

ती आत गेली. थोड्या वेळानं व्हरांड्यातून शिपायानं माझं नाव पुकारलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, वडिलांच्या नावासकट. मी ग्लास हातात धरून बसून राहिलो. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, काका, तुम्हाला तर नाही ना बोलावत? मी म्हटलं, नाही.

तेवढं मात्र मी ठामपणे बोललो.

माझ्या नावानं जामीनपात्र वॉरंट निघालं. तारीख पडली श्रावणातली. वॉरंट आल्याचं गावात कळलं आणि जीवनकाका काठी टेकत घरी आले. त्यांना मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "त्या दिशी तू धावत आलास, कारण मी उभा होतो. दोन तास. आता तो किती साल उभा हाय रे?"

मी मालूला हाक मारली आणि तिच्यासमोर, निकेशच्या समोर सांगितलं, की मी उलव्याला गेलो नव्हतो आणि तसंच कोर्टात सांगणार आहे. निकेश उठून बाहेर गेला. मालूनं माझं धोतर धुवायला घेतलं.

तारखेला मी साडेदहालाच कोर्टात जाऊन बसलो. आत काहीतरी मोकळं झालं होतं. मनात वाक्य तयार होतं, लहान मुलासारखं घोकत होतो. बाराच्या सुमारास तुरुंगाच्या गाडीतून आरोपी आणले. महमूदला मी ओळखलंच नाही. दाढी पांढरी झालेली, गालांत खड्डे. हव्वाबी मागच्या बाकावर होती. तिनं मला पाहून मान हलवली, आणि मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

केस पुकारली. मी उठणार, तेवढ्यात नीताताई उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. आरोपीचा अर्ज आहे, म्हणाली. आरोपीला गुन्हा कबूल करायचा आहे. शिक्षेबाबत सहानुभूतीनं विचार व्हावा, अडीच वर्षं तो आत आहे.

मला काही कळेना. शेजारी बसलेल्या माणसानं समजावलं. तो तिथं रोज येणारा असावा. अहो, इथं बरेच जण असंच करतात. जितकी भोगली तितकीच शिक्षा देतात, आणि माणूस सुटतो. खटला चालवत बसला तर अजून किती वर्षं, देव जाणे.

न्यायाधीश बाई वयानं लहान, पण नीट ऐकणाऱ्या. त्यांनी महमूदला विचारलं, कबुलीचा अर्थ कळतो का, कुणाचा दबाव आहे का, स्वखुशीनं करताय का. तो प्रत्येकाला हो किंवा नाही एवढंच म्हणत होता. तेव्हा मी उभा राहिलो.

"मॅडम, मला बोलायचं हाय. मी पंच क्रमांक दोन."

शिपायानं खाली बसा म्हणून खुणावलं. बाईंनी त्याला थांबवलं आणि मला म्हणाल्या, आरोपीनं कबूल केल्यावर साक्षीची गरज राहत नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "मी उलव्याला गेलोच नाय. मी न वाचता सही केली. तो माल ठाण्यातच पडला होता."

कुंदन दाराशी उभा होता, त्याची मान खाली. बाईंनी पेन ठेवलं. मला वाटलं, आता ही तीन वाक्यं लिहून घेतील आणि भिंत कोसळेल. पण कोर्टाची रीत वेगळी. बाई महमूदकडे वळल्या. त्यांनी त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की तुम्ही आताच्या आता अर्ज मागे घेऊ शकता. मग खटला पुढं चालेल, यांची साक्ष रीतसर होईल, उलटतपासणी होईल. तुमचं काय म्हणणं आहे?

महमूदनं नीताताईकडे पाहिलं. "अजून कितने गवाह?"

"पाच," ती म्हणाली. "तपासी अधिकाऱ्याची बदली झालीय. किती दिवस लागतील, खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेऊन घरी आलो असतो, पचवला असता. राग नव्हता. दमलेल्या माणसाची नजर होती.

"चाचा," तो म्हणाला, "मागच्या तारखेला आला असतात तर मी लढलो असतो. आज मला घरी जायचंय."

आणि बाईंकडे वळून म्हणाला, "कबूल आहे."

पाच मिनिटांत निकाल झाला. दोषी. भोगला तेवढा तुरुंगवास हीच शिक्षा. टंकलेखकानं कागद ओढून काढला. माझं बोलणं त्यात नव्हतं. नसणारच, मी शपथेवर नव्हतो. हव्वाबी माझ्या बाजूनं गेली, पण थांबली नाही. बाहेर नीताताईला गाठून मी विचारलं, वर अपील करता येईल ना, मी पाहिजे तिथं येऊन सांगतो. ती म्हणाली, "काका, कबुली दिलेल्या गुन्ह्यावर अपील होत नाही. फार तर शिक्षा जास्त झाली म्हणून भांडता येतं. शिक्षा तर संपली." तिचेही डोळे लाल झाले होते. मघाशी ती माझ्याकडे का पाहत नव्हती, ते तेव्हा कळलं.

महमूद दुसऱ्या दिवशी सुटला. टेम्पो केव्हाच गेला होता. गोदामांच्या फाटकावर पास लागतो, पाससाठी पोलिसांचा दाखला, आणि दाखल्यावर आता लिहिलंय, चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा. निकेशला मी म्हटलं, तुझ्या गाडीवर घे. यावेळी तो नाही म्हणाला नाही, घ्यायला तयार झाला. पण फाटकावरून महमूदला परत पाठवलं. आता तो मासळी बाजारात पहाटे बर्फाच्या लाद्या उतरवतो. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तो म्हणाला, चाचा, येत जाऊ नका, लोक विचारतात. मग मी गेलो नाही.

मला काही झालं नाही. नोटीस नाही, चौकशी नाही. कुंदनची बदली झाली, ती नेहमीची. गावात कुणी शब्द काढत नाही, आजही मला लोक वाकून नमस्कार करतात. तुम्ही आत्ता आलात तेव्हाही केलात. म्हणून तर बोलावून सांगितलं. ज्या माणसाच्या पाया पडता, त्याचं हे तुम्हाला माहीत असावं.

त्यानं चोरी केली की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते देवाला ठाऊक आणि त्याला. मला ठाऊक आहे ते इतकंच, की ते सिद्ध करायला कुणी काही पाहिलेलं नव्हतं आणि पाहिलं म्हणून मी लिहून दिलं होतं. आता सरकारच्या कागदात तो कायमचा गुन्हेगार आहे आणि तो कागद माझ्यानं फाटत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागतो. घरी जाल, देवापुढं दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल. त्यांच्यात एक नाव घालाल का? पनवेलच्या मोहल्ल्यातला महमूद हुसेन, हव्वाबीचा नवरा. त्याच्यासाठी दुसरं काही मागू नका. नुसती त्याची आठवण ठेवा.